डाव्या पायाचं काम

अलगदचा डावा पाय कधी रिकामा बसत नसे. खुर्चीत बसला, जेवायला बसला, कुणाशी गप्पा मारत बसला, तरी टेबलाखाली तो पाय हळूच खाली जायचा आणि हळूच वर यायचा. "अहो, जेवण चाललंय, घाट नाही," बायको म्हणायची. तो हसून पाय आवरायचा आणि दोन घासांनंतर पाय पुन्हा आपल्या कामाला लागायचा. बत्तीस वर्षं क्लच दाबलेल्या पायाला निवृत्त हो म्हणून सांगायचं तरी कुणी?

पण गेल्या पंधरवड्यात हा प्रकार फारच वाढला होता. झोपेतसुद्धा पाय चाले. बायकोने एक रात्र सोसलं, दुसऱ्या रात्री ती उशी उचलून बाहेरच्या खोलीत गेली.

कारण सांगायचं तर एक कागद होता. डोळ्यांच्या दवाखान्याचा तो ड्रायव्हर. दवाखाना शहराच्या अगदी मध्यात, आणि नगरपालिकेने कागद लावला होता की दोन महिन्यांनी त्या रस्त्यावर धूर सोडणाऱ्या जुन्या गाड्यांना बंदी. दवाखान्याची डिझेलची जीप तेवीस वर्षांची होती. तिला सगळे म्हातारी म्हणत, आणि सकाळी पहिल्यांदा सुरू झाली की ती म्हातारीसारखीच खोकायची. समोरचा औषधवाला दुकानाचं दार लावून घ्यायचा.

डॉक्टरबाईंनी अलगदला बोलावलं आणि म्हणाल्या, "मामा, नवी गाडी तुम्ही निवडा. शहरात चालली पाहिजे आणि डोंगरावरही गेली पाहिजे. तुम्ही म्हणाल ती घेऊ."

एवढं ऐकून अलगदची छाती दोन इंच फुगली. तेवढ्यात शेजारी उभे असलेले व्यवस्थापक बोलले. दवाखान्यात त्यांना पाठीमागे कात्री म्हणत, कारण खर्च दिसला की त्यांचा हात शिवशिवायचा. ते म्हणाले, "आणि ऑटोमॅटिक बघा. म्हणजे कुणालाही चालवता येईल. ड्रायव्हरवाचून अडायला नको."

डॉक्टरबाईंना गियरची गाडी येत नव्हती. त्या शिकल्याच ऑटोमॅटिकवर, आणि क्लच म्हटलं की हात जोडायच्या. अलगद दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत त्याला हिशेब समजला होता. चांगली गाडी निवडली की बाई स्वतः चालवणार. मग याला कोण विचारतो? आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घ्यायचा, आणि वर तो धोंडा चांगला टणक बघून निवडायचा.

आता हे अलगद नाव कुठून आलं ते सांगायला हवं. तरुणपणी तो काचेच्या कारखान्यात मालाचा ट्रक चालवायचा. मागे माणसाच्या उंचीच्या काचा उभ्या बांधलेल्या. एक तडकली की मालकाचा चेहराही तडकायचा. तिथे तो गाडी चालवायला शिकला म्हणण्यापेक्षा, गाडी चालते आहे हे कुणाला कळू न देण्याची कला शिकला. पुढे दवाखान्यात लागला. डोंगरावरच्या गावांतून मोतीबिंदूचे म्हातारे-म्हाताऱ्या खाली आणायच्या, ऑपरेशन झालं की डोळ्याला पट्टी बांधलेल्या तशाच वर नेऊन सोडायच्या. पहिल्याच फेरीत एका खड्ड्यात गाडी आदळली आणि मागे एक म्हातारा डोळा दाबून लहान मुलासारखा रडला. त्या दिवशी अलगदने कानाला खडा लावला. प्रत्येक चढावर, प्रत्येक वळणावर गाडी नेताना तो स्वतःशीच "अलगद, अलगद" पुटपुटायचा, ते मागच्यांनी ऐकलं आणि नाव पडलं. आई-बापाने ठेवलेलं नाव आता फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. या कलेत निम्मं काम डाव्या पायाचं होतं, हे त्याला पक्कं माहीत होतं.

तर असा माणूस शोरूम पालथी घालू लागला.

पहिली गाडी निव्वळ बॅटरीवर चालणारी, पांढरी. तिला धूर नव्हता, आवाज नव्हता, कुठे खोड काढायला जागा नव्हती, म्हणून अलगदला ती बघताक्षणी नकोशी झाली. पण त्याचं नशीब बरं. वरच्या शेवटच्या गावापर्यंत जाऊन परत यायचं तर चढावर, भरलेल्या गाडीत, तिची बॅटरी पुरणार नव्हती आणि वर तर दिवे लागायचीच मारामार, तिथे गाडी कुठून चार्ज होणार? विक्री करणाऱ्या बाईने स्वतःच मान्य केलं. अलगद फार दुःखी चेहरा करून बाहेर पडला आणि कोपऱ्यावर जाऊन दोन चहा प्यायला.

दुसरी लाल, देखणी. चारही चाकांना जोर आहे म्हणे. त्याने खाली वाकून हाताने मापलं. पोट जमिनीपासून एवढंसं. "ही आपल्या वाटेतल्या ओढ्यात उतरली तर बसून आंघोळच करेल," तो म्हणाला. हेही खरंच होतं.

तिसरी राखाडी रंगाची. पेट्रोलवरही चालायची आणि बॅटरीवरही, आणि बॅटरी स्वतःची स्वतः भरून घ्यायची. गावात हळू चालताना पेट्रोलचं इंजिन बंदच. पोट उंच, चाकं जाड, चढासाठी वेगळा कमी वेगाचा जोर, उतारावर स्वतःला सावरून धरायची सोय. मागच्या सीटवर तीन म्हाताऱ्या निवांत बसतील एवढी जागा, आणि डिकीत डोळे तपासायचं यंत्र आडवं न करता राहील. अलगदने ती गाडी एक तास उलटसुलट पाहिली. खाली झोपून पाहिली. सापडलं काहीच नाही. घरी आला तो पडक्या चेहऱ्याने.

"काय, तिच्यात काय वाईट निघालं?" बायकोने विचारलं.

"काहीच नाही."

"मग तोंड असं का केलंय?"

"काहीच वाईट नाही म्हणूनच."

बायकोने त्याच्याकडे बघितलं. तिला सगळं माहीत होतं, पण नवऱ्याच्या तोंडून येईपर्यंत ती वाट बघणारी होती. "मग तुम्हाला हवी आहे कशी? वाईट?" ती म्हणाली आणि ताट उचलून गेली.

दुसऱ्या दिवशी राखाडी गाडी फिरवून बघायला डॉक्टरबाई स्वतः आल्या. मागे यंत्राची पेटी ठेवली. त्या शोरूमची विक्री करणारी बाई पेटीशेजारी बसली. अलगदने बटण दाबलं. आवाजच नाही. सुरू झाली नाही असं वाटून त्याने पुन्हा दाबलं, तर ती बंद झाली. मागची बाई सौजन्याने खिडकीबाहेर बघू लागली. तिसऱ्यांदा जमलं. गाडी निघाली, चौक आला, समोर एक सायकलवाला आडवा आला, आणि अलगदने बत्तीस वर्षं जे केलं तेच केलं. उजवा पाय ब्रेकवर अलगद ठेवला आणि डावा पाय क्लचवर दणकन दाबला.

ऑटोमॅटिक गाडीत क्लच नसतो. असतो तो रुंद ब्रेक, आणि डावा पाय नेमका त्याच्यावर जाऊन बसला.

गाडी जागच्या जागी थिजली. डॉक्टरबाईंचा चष्मा पुढच्या काचेवर. मागची बाई सीटच्या पाठीवर. यंत्राची पेटी धाडकन पुढे. सायकलवाला बिचारा केव्हाच निघून गेला होता. दवाखान्यातल्या त्या पहिल्या फेरीनंतर तेवीस वर्षांत अलगदच्या गाडीत असं कधी घडलं नव्हतं. त्याच्या कानशिलात आग पेटली.

"काय झालं मामा?" डॉक्टरबाई चष्मा चाचपत म्हणाल्या.

"ब्रेक," तो म्हणाला. "ब्रेक फार कडक आहे हिचा. नुसता पाय लावला की झटका. पेशंटला चालायचं नाही."

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, ते काही उगीच नाही. मागच्या बाईने तोंड उघडलं होतं, पण गिऱ्हाइकाला चूक तुझी म्हणायचं कसं, म्हणून मिटलं. डॉक्टरबाईंनी एकदाही शंका घेतली नाही. "तुम्ही म्हणता म्हणजे असेलच," त्या म्हणाल्या. "मग ही नको."

अलगदला त्या विश्वासाने जास्त लागलं. त्याला वाटत होतं, त्यांनी उलट विचारावं, भांडावं.

दोन दिवसांत कात्रीने आपला डाव टाकला. गाडी सापडत नसेल तर घ्यायचीच कशाला? वरच्या लोकांनी आपापलं खाली यावं. यादीत सत्तावीस जण होते, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेले आणि दुसऱ्याची वाट बघणारे. त्यांतल्या निम्म्यांना ओढा ओलांडून मोठ्या रस्त्यापर्यंत चालत येणंही शक्य नव्हतं. हे कात्रीलाही माहीत होतं, पण त्याला उंटावरून शेळ्या हाकायच्या होत्या.

अलगद बेचैन झाला. यादीतली नावं त्याला चेहऱ्यांनी पाठ होती. कुणाला पुढच्या सीटवर बसायचं असतं, कुणाला गाडी लागते, कुणी वाटेत तीनदा थांबायला सांगतं. तो घरात येरझाऱ्या घालू लागला. खुर्ची ओढायचा, बसायचा, उठायचा. नळ गळतोय म्हणून पान्हा घेऊन बसला आणि न गळणारा नळ गळका करून ठेवला.

"धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, असं झालंय तुमचं," बायको म्हणाली. "आता सांगून टाका."

त्याने सांगितलं. पायाचं सांगितलं, खोटं बोललो ते सांगितलं. बायको हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. "बुटाशिवाय चालवून बघा," ती म्हणाली. "मी नव्या विजेच्या शिलाई मशीनवर बसले तेव्हा असंच झालं होतं. जुन्याची सवय, पाय हलत राहायचा. चप्पल काढली तेव्हा पायाला कळलं की आपण दुसरीकडे आहोत."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच शोरूममध्ये गेला. त्याच विक्री करणाऱ्या बाईला म्हणाला, "तुमच्या ब्रेकला दोष दिला. दोष माझा होता. मला जरा शिकायचंय." तिने किल्ली आणली. शोरूमच्या मागच्या मोकळ्या आवारात अलगदने डावा बूट काढला, मोजा काढला, आणि पाय सीटकडे मागे ओढून चटईवर ठेवला. ब्रेक लावायची वेळ आली की पाय उठायला बघायचा. तळव्याला चटईचा खरखरीतपणा लागला की थांबायचा. सात-आठ फेऱ्यांनंतर पाय उठायचा विसरला. एक बूट घातलेला, एक अनवाणी असा हा माणूस त्या आवारात तासभर घिरट्या घालत होता, आणि गाडी धुणारे दोघे काम सोडून बघत होते.

पाय शिकला तशी गाडीही कळू लागली. चढावर थांबवून सोडली, तर ती मागे सरकली नाही. गियर बदलल्याचं पोटातल्या पाण्यालासुद्धा कळत नव्हतं. जे साधायला त्याला दहा वर्षं लागली होती ते ही गाडी पहिल्या दिवसापासून करत होती. अलगदला भरून आलं, आणि ते आनंदाने नव्हतं. त्याने गाडी कडेला लावली. मग बूट घातला आणि थेट दवाखाना गाठला.

डॉक्टरबाई दुपारचे पेशंट संपवून हात धूत होत्या. "बाई, ब्रेक चांगला आहे," तो दारातूनच म्हणाला. "माझा पाय चुकला होता. मी खोटं बोललो."

त्यांनी नळ बंद केला. "का?"

"तुम्हाला ती चालवता येईल म्हणून."

डॉक्टरबाईंनी हात पुसले, टॉवेल नीट घडी करून ठेवला. रागावतील असं त्याला वाटलं. त्या खुर्चीत बसल्या आणि त्याला समोर बसायला सांगितलं.

"मामा, मागच्या वर्षी तुम्ही तापाने आडवे होतात. आठवडाभर."

"हो. तेव्हा वरच्या गावातल्या त्या शिवणकाम करणाऱ्या आजींचा डोळा गेला. आतून पू झाला होता, तुम्हीच म्हणालात."

"पू झाला होता. पण डोळा दुखतोय असा निरोप पहिल्याच दिवशी आला होता. भाड्याची एकही गाडी ओढ्यापलीकडे जायला तयार नव्हती. मी म्हातारीत बसले. गाडी फाटकापर्यंत गेली आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. फाटकातच पाच वेळा. शेवटी चौथ्या दिवशी एका ट्रॅक्टरवर बसून वर गेले. पहिल्या दिवशी गेले असते तर डोळा वाचवता आला असता." त्यांनी टॉवेलची घडी पुन्हा सरळ केली. "तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही आजारी होतात, त्यात तुमची काय चूक?"

त्या आजी त्याला चांगल्या आठवत होत्या. ऑपरेशनला आणताना वाटभर सुईत दोरा ओवायचं बोलत होत्या. तेवीस वर्षं त्याला अभिमान होता की त्याच्यावाचून गाडी हलत नाही. खरंच हलली नव्हती.

तो उठला. "मग नुसती गाडी चालवता येते म्हणून भागणार नाही," तो म्हणाला. "वर जाऊन बघू. तुम्ही चालवा. मी मागे बसतो. आणि मला पट्टी बांधा, दोन्ही डोळ्यांना. पेशंटला जे कळतं तेच मला कळलं पाहिजे."

हे बोलणं शहाणपणाचं होतं. पण खोटं कशाला बोला, त्याच्या मनात अजून एक चोर बसला होता. रस्ता ओळखणं आणि गाडी येणं यात फरक आहे, हे बाईंना कळावं, त्यांनी एकदा तरी जोरात आदळावं, असं त्या चोराला वाटत होतं. त्या आजींचं ऐकल्यावरही वाटत होतं. त्याची त्याला लाज वाटली आणि तरी वाटायचं थांबलं नाही.

दोन दिवसांनी शोरूमने दिवसभरासाठी राखाडी गाडी दिली. अलगद मागच्या सीटवर बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. डॉक्टरबाईंनी स्वतः पट्टी बांधली, आणि अंधार झाला.

गाडी निघाल्याचं त्याला हॉर्न आणि माणसांचे आवाज मागे पडू लागले तेव्हा कळलं. हात सीटवर घट्ट रोवून तो बसला. शहर संपलं, पुढे शाळा. शाळेपुढचा गतिरोधक रंग उडालेला, नव्या माणसाला दिसतच नाही. आता आदळणार. गाडी मंदावली, चाकं हळूच वर चढली आणि हळूच उतरली. ठीक आहे, एखादा दिसतो. मग लाकडाच्या वखारीपाशी डाव्या बाजूचा खड्डा. गाडी आधीच उजवीकडे सरकली होती. पुढे तुटकी मोरी, तिथे तो नेहमी आधी पूर्ण थांबायचा आणि मग एकेक चाक उतरवायचा. गाडी पूर्ण थांबली. मग एक चाक. मग दुसरं.

अलगद पुढे वाकला. ओढ्याच्या पाण्याचा आवाज आला. तिथे पाण्यातल्या फरशीच्या उजव्या कडेला धरून जायचं, मध्ये शेवाळ आहे. हे त्याने कुणाला कधी सांगितलं नव्हतं. चाकांखालची फरशी खरखरीत लागली, उजवीकडचीच. मग खडीचा चढ, जिथे अर्ध्यात पाय सैल सोडायचा. अर्ध्यात गाडीचा जोर सैल झाला आणि पुन्हा धरला. सात वर्षं बाई त्याच्या शेजारी कागद चाळत बसायच्या, डुलक्या काढायच्या. निदान त्याला तसं वाटत होतं.

"बाई," त्याने विचारलं, "हे सगळं कधी बघितलंत?"

"बघण्यासारखं दुसरं होतं काय?" पुढून आवाज आला. "मला वाटायचं, हातात कधी आली गाडी, तर अशीच चालवायची."

पट्टी ओली झाली होती, आणि ती बाईंना दिसायच्या आत सुकावी म्हणून तो तोंड खिडकीच्या वाऱ्यात धरून बसला. वर गेल्यावर त्याने पट्टी काढली आणि उतारावर गाडी मागे कशी घ्यायची ते त्यांना चार वेळा दाखवलं. ते मात्र बाईंना अजिबात येत नव्हतं. तिसऱ्या वेळी त्या बांधावर चढल्या. अलगद त्यांच्यावर पहिल्यांदाच ओरडला आणि चौथ्यांदा त्यांना जमलं.

दुसऱ्या दिवशी कात्रीने त्याला खोलीत बोलावलं. पुढे एक कागद सरकवला. कुठली गाडी, आणि निवडीचं कारण एका वाक्यात. "धूर कमी लिहा. पेट्रोल कमी लिहा," कात्री म्हणाला. "विश्वस्तांना तेच कळतं."

अलगदने पेन घेतलं. धूर खरंच कमी होता, पेट्रोलही कमीच लागणार होतं, आणि दोन्ही लिहून तो मोकळा झाला असता. पण त्याने लिहिलं, "ड्रायव्हर नसला तरी डॉक्टरबाई एकट्या ओढ्यापलीकडे नेऊ शकतात."

कात्रीने वाचलं. पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून, पहिल्यांदाच जरा माणसासारखा, म्हणाला, "मामा, हे विश्वस्तांच्या हातात गेलं, की तुमच्या जागेचं काय होणार ते कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय," अलगद म्हणाला. "म्हणून तर माझ्याच हाताने लिहिलं." आणि त्याने खाली सही केली.